खोट्या कळा

कुणाच्याही घरात आमच्या बाई पुढच्या दारानं शिरल्याचं मला आठवत नाही. कोळ्याची झोपडी असो की साहेबाचा बंगला, त्या वळसा घालून मागं जायच्या, चुलीपाशी उकिडव्या बसायच्या आणि घरातल्या बाईला विचारायच्या, "पाणी कोठून आणतेस?" सुईण पाण्याचं विचारते यात नवल नाही. पण बाईंना पाणी कसं आहे ते नको असायचं. कुठल्या वाटेनं आणतेस, एकटी जातेस की सोबत घेऊन, वाटेत कोण उभं असतं, हे हवं असायचं. कळा अगदी जवळ आलेल्या असल्या तर हात धुता धुता विचारायच्या, पण विचारायच्याच. पहिल्या महिन्यात मला वाटलं, म्हातारीला चौकशांची खोड आहे.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. माझं नर्सिंगचं शिक्षण मिरजेला झालं होतं. लग्न होऊन मद्रासला आले. नवरा रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, बिऱ्हाड रायपुरमला. तमिळचा गंध नाही, आणि नोकरी मिळाली ती पार एन्नोरच्या खाडीकडच्या सरकारी प्रसूतिकेंद्रात. सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. केंद्र म्हणजे पाच खाटा, एक पाण्याची टाकी आणि बाई.

बाई तंजावरकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, भावाच्या घरी राहून सुईणपणाचं शिकलेल्या, आणि वीस-बावीस वर्षं त्याच किनाऱ्यावर काढलेल्या. अंगानं काटकुळ्या, रंगानं काळ्यासावळ्या. मोहरीच्या रंगाचं नऊवारी घट्ट नेसायच्या आणि पुरुषांच्या सायकलवर बसायच्या. सायकलला ब्रेक नव्हते, थांबायचं झालं की त्या ती वाळूत घालायच्या. खांद्यावर पुरुषी मनगटी घड्याळ पिनेनं टाचलेलं. त्यांची मराठी ऐकून मला वाटलं, बखरीतलं कुणी उठून तमिळ हेलात बोलतंय. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तूं देशावरली काय गे? मज तुझें बोलणें फार शहाणें वाटतें. येथें शहाणें बोलून मूल बाहेर येत नाहीं."

त्यांच्याशी मराठीत बोलणारी त्या किनाऱ्यावर मी एकटीच होते. त्यामुळे त्या ज्या गोष्टी कुणाशी बोलत नसत, त्या माझ्याशी बोलत.

केंद्रापासून समुद्राकडे निघालं की आधी एक कोळीवाडा लागायचा. तिकडे कुप्पम म्हणतात. त्यापुढे सुरूचं बन, आणि बनापलीकडे मैलभरावर दुसरं कुप्पम. आम्ही दक्षिणेचं आणि उत्तरेचं म्हणायचो. उत्तरेकडे जायची वाट एकच, ती दक्षिणेच्या कुप्पममधून. गोड्या पाण्याची विहीरही तिथंच. एकाच जातीची माणसं, देव एक, लेकी इकडून तिकडे दिलेल्या. आणि मी गेले तेव्हा ही दोन्ही गावं वर्षभर एकमेकांना कापत होती.

सुरुवात जाळ्यांवरून झाली होती. उत्तरेच्या काही जणांनी नवी नायलॉनची जाळी आणली, किनाऱ्याजवळचा मासा सगळा तेच ओढायला लागले. दक्षिणेच्यांनी एका सकाळी जाळी फाडली. मारामारीत वल्ह्याचा घाव बसून एक जण मेला. मग त्याचा बदला, मग बदल्याचा बदला. वाकड्या पात्याचे कोयते, मोठा मासा मारायचे भाले, पुढे पुढे काचा आणि खिळे भरून सुतळीनं बांधलेले गावठी बॉम्ब. सात पुरुष गेले होते. पोलिसांची राहुटी बनाच्या कडेला पडली होती. पोलीस प्रेतं मोजायला वेळेवर येत.

बाईंकडे जन्मांची नोंदवही होती. एकदा दुपारी त्यांनी ती माझ्यापुढं उघडली आणि एका पानावर दोन बोटं ठेवली. एकाच आठवड्यात झालेले दोन मुलगे. "हा मेला," त्या म्हणाल्या, "आणि ह्यानें मारिला. दोघांचीही नाळ म्यां कापली." मग वही मिटून कपाटात ठेवली आणि मला टाकी घासायला सांगितलं.

त्या काळात एक समेट झाला. कुणी मोठे अधिकारी आले होते. सुरूच्या बनात मांडव घातला, चाळीस खुर्च्या मांडल्या. दोन्हीकडच्या पंचांनी एकमेकांना हार घातले, देवाची शपथ घेतली, सगळ्यांना लाडू वाटले. बाई मलाही घेऊन गेल्या होत्या. बायका दूर झाडांखाली उभ्या होत्या. बाई सरळ मांडवात शिरल्या आणि खुर्च्यांपुढच्या वाळूत, अधिकाऱ्यांच्या बुटांपाशी, मांडी घालून बसल्या. लोक हसले. बाईंनी हात वर केला.

"माझे तीन प्रश्न आहेत," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "उद्यापासून उत्तरेच्या बायका विहिरीवर येतील, त्यांच्या घागरी फोडणार नाही असं कोण म्हणतो? त्यानं नाव सांगावं. माशांच्या टोपल्या घेऊन त्या स्टेशनवर जातील, वाटेत त्यांच्या पदराला हात घालणार नाही असं कोण म्हणतो? आणि सात घरांत विधवा आहेत. त्यांना कुणी काही विचारलंय का?"

अधिकारी हसून म्हणाले, "अम्मा, आधी मोठे प्रश्न सुटू द्या. हे बारीकसारीक मागाहून बघू."

बाई उठल्या, वाळू झटकली. लाडू घेतला नाही. परत येताना सायकल हातात धरून चालत होत्या. मी म्हटलं, "झालं ना बाई, मिटलं एकदाचं."

"काय मिटलें? पुरुषांनीं पुरुषांस हार घातले. बायकोस एकटीनें त्या वाटेनें जातां आलें म्हणजे मिटलें. तोंवर हा तमाशा."

नऊ दिवसांनी उत्तरेचा एक तरुण विहिरीपाशी मारला गेला. तहानेनं नाही, ताठ्यानं तिथं गेला होता. त्याची बायको चेल्लम्मा, सातवा महिना लागलेली. ज्यानं मारलं तो फरार झाला. त्याची बायको मुनियम्मा, तीही पोटुशी.

दोन महिन्यांनी या दोघी केंद्रात एकाच आठवड्यात आल्या. बाईंनी चेल्लम्माला तिसरी खाट दिली आणि मुनियम्माला चौथी. मी घाबरले. पाचवी खाट रिकामी होती, मी म्हटलं, "निदान मध्ये एक खाट सोडू या." बाई म्हणाल्या, "पांचवीचा पाय मोडिला आहे." पाय काही मोडलेला नव्हता.

पहिले दोन दिवस चेल्लम्मा भिंतीकडे तोंड करून पडून होती. मुनियम्माला मुलगी झाली, तेव्हा चेल्लम्मा खाटेवरून खाली थुंकली. बाईंनी फडक्यानं ते पुसलं. तिसऱ्या दिवशी चेल्लम्मालाही मुलगी झाली. दुपारी मी दोघींचा ताप बघत होते. मुनियम्मा छताकडे बघत एकाएकी म्हणाली, "त्याचा शर्ट मी धुतला."

ती पुन्हा म्हणाली, "रक्त निघत नव्हतं. मीठ लावून धुतला. मला माहीत होतं ते कुणाचं आहे. तरी मी धुतला."

चेल्लम्मा उठून बसली. मला वाटलं, आता ही तिच्या अंगावर जाते. मी पुढं झाले, तर बाईंनी मला मनगटाला धरून मागं ओढलं.

"त्या दिवशी सकाळी तो भात खाऊन गेला होता," चेल्लम्मा म्हणाली. "खारावलेला मासा आणि भात. मी म्हटलं, विहिरीकडे जाऊ नको. तो म्हणाला, बायकांसारखा घाबरू?"

"माझाही तेच म्हणाला," मुनियम्मा म्हणाली.

बाईंनी त्या दोघींना 'माफ कर' किंवा 'विसर' असं म्हटलेलं मी कधीच ऐकलं नाही. मी एकदा विचारलं, तर चिडल्या. "माफीचें तिचें ती पाहील. मज इतकेंच हवें कीं कोयता बाहेर निघतां क्षणीं तिनें मज सांगावें." कोयते कुठं असतात हे बायकांना ठाऊक असायचं. छपराच्या झावळ्यांत, तांदळाच्या मडक्यात, पाळण्याखाली. पुरुष दारू पिऊन किती वाजता उठतात, कोण कोणाला बोलवायला जातो, सगळं ठाऊक. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग जे सुरू झालं ते बाईंच्या डोक्यातून निघालं, की चेल्लम्मा-मुनियम्मांच्या, मला सांगता येणार नाही. त्या किनाऱ्यावर एक समजूत होती. बाळंतीण कळा देत असेल त्या घरावरून उघडं पातं न्यायचं नाही. नेलं तर मूल पोटातच मरतं आणि नेणाऱ्याचा वंश बुडतो. मी बाईंना म्हटलं, ही किती जुनी समजूत असेल? त्या म्हणाल्या, "अठरा वर्षें. दारुडे खोलींत शिरत, म्हणून मींच घातली."

तर असं ठरलं. कुठल्याही कुप्पममध्ये दुपारी कोयते निघायला लागले, की वाटेवरच्या एखाद्या घरात कुणीतरी पोटुशी बाई ओरडायला लागायची. एक बाई केंद्राकडे धावत यायची: कळा सुरू झाल्या! बाई सायकलवर, मी मागं पेटी घेऊन. आम्ही पोचेपर्यंत गल्लीत पंचवीस-तीस बायका जमलेल्या, चुली पेटलेल्या, पाणी उकळतंय. बाई आत जाऊन बसायच्या. आतली बाई तांदूळ निवडता निवडता किंचाळायची. बाहेर पुरुष कोयते धोतरात लपवून ताटकळायचे. तासाभरात दारू उतरायची, ऊन उतरायचं, एकेक जण घरी जायचा. तोवर स्टेशनवर मासे विकणाऱ्या बायकांमार्फत दुसऱ्या कुप्पमला निरोप पोचलेला असायचा: आज मुलांना बनाकडे सोडू नका.

एका कोयत्यावाल्याची आईच आत पोटुशीच्या जागी खोट्या किंकाळ्या मारत होती, तेव्हा मला हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की ते तिथंच मेलं. "हसूं नको. हिला ठाऊक आहे, ही थांबली तर हिचा पुत्र आज कुणास मारील किंवा मरेल."

परत आल्यावर बाई कामाच्या वहीत लिहायच्या: अमुक घर, अमुक वेळ, खोट्या कळा. आमच्या शास्त्रात तो शब्द आहेच. खऱ्या बाळंतपणाआधी पोट नुसतंच दुखतं, त्याला तेच म्हणतात. बाई कधी खोटं लिहीत नसत, याचा त्यांना अभिमान होता.

चार महिने कुणी मेलं नाही. त्या चार महिन्यांत उत्तरेच्या बायका पुन्हा विहिरीवर यायला लागल्या. आधी दहा-दहाच्या घोळक्यानं, मग तिघी-चौघींनी. बाई रोज दुपारी सायकल घेऊन वाटेवर उभ्या राहायच्या आणि घोळक्यात किती जणी आहेत ते बघायच्या. एक दिवस चेल्लम्मा एकटी आली, कडेवर मुलगी, डोक्यावर घागर. त्या दिवशी बाईंनी मला कॉफी करून दिली. कॉफी त्या कुणाला करून देत नसत.

पण पुरुष काही आंधळे नव्हते. दक्षिणेच्या एका म्हाताऱ्यानं पारावर बसून म्हटलं, "चार महिने गावात कळाच कळा, आणि पोर एक नाही." लोक हसले, आणि मग हसायचे थांबले.

वळ्ळी दक्षिणेच्या कुप्पमची मुलगी. भांडणं सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं उत्तरेला दिलेली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. माहेर मैलावर, पण सासरचे तिकडे जाऊ देत नसत, दीड वर्षात तिनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही तपासायला गेलो की मला विचारायची, "आमच्या घरावरून आलीस का? आई दारात होती का?"

तिची सासू एका सकाळी अकराच्या सुमाराला धावत केंद्रात आली. वळ्ळीला भसाभस रक्त जात होतं. पोट दगडासारखं झालंय म्हणाली. बाईंनी एवढं ऐकलं आणि सायकलवर टांग मारली. मी आणि सासू मागून धावत. पोटातली वार मुलाआधीच सुटली असणार, हे मलाही कळत होतं. त्यात मिनिटं मोजायची असतात.

सुरूच्या बनात दक्षिणेचे सहा-सात तरुण उभे होते. त्यांनी बाईंची सायकल धरली. हँडल ज्यानं धरलं तो वळ्ळीचा थोरला भाऊ.

"आज कुणाला कळा, अम्मा?"

"वळ्ळीला. तुझ्या बहिणीला. सोड."

त्याचा हात क्षणभर सैल झाला. मागचा एक जण म्हणाला, "मागच्या वेळी तुझ्या चुलतीला होत्या."

त्यानं पुन्हा घट्ट धरलं. "अम्मा, माझ्या चुलतीच्या वेळी तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत, मूल अडलंय म्हणून. मी देवाला नारळ बोललो होतो."

"होय. ते खोटं होतं. हे खरं आहे."

"कसं ओळखायचं?"

सासू त्याच्या पाया पडली, तिला त्यांनी ढकललं, ती उत्तरेची. मी मोडक्या तमिळमध्ये काही सांगायला लागले, ते कुणी ऐकलं नाही. बाई म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर चल. डोळ्यांनी बघ."

"उत्तरेत? मला मारतील ते."

"मग मला इथं बांधून ठेव. हिला जाऊ दे, हिला काम येतं."

"आमच्या बायकांचे निरोप तिकडे हीच नेत असेल."

बाई वाळूत बसल्या. खांद्यावरचं घड्याळ हातात घेतलं आणि दर पाच मिनिटांनी मोठ्यानं वेळ सांगायला लागल्या. सव्वाअकरा. अकरा वीस. अकरा पंचवीस. ती मुलं शिव्या देत होती, सिगारेटी पीत होती. भाऊ झाडाला टेकून तिकडे, उत्तरेकडे बघत होता. मला अजून वाटतं, साडेबाराला त्याला खरं कळलं होतं. पण इतरांच्या देखत त्याला हँडल सोडता येईना.

एक वाजता मुनियम्मा दहा-बारा बायका घेऊन आली. वळ्ळीची आई पुढं होती. मुलाच्या हातातून तिनं सायकल काढून घेतली आणि स्वतःच उत्तरेच्या दिशेनं पळत सुटली, सायकल ढकलत. तिच्यामागून आम्ही सगळ्या.

मूल गेलेलं होतं. वळ्ळी अर्धा तास होती. बाईंनी जे जे करता येतं ते केलं, मी हातात हवं ते देत गेले. आई आत येईपर्यंत संपलं होतं. उत्तरेच्या पुरुषांनी तिला कुंपणाबाहेर अडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेचे पुरुष प्रेत न्यायला उठले तेव्हा त्यांच्या कमरेला कोयते होते. पुरायचं आणि तसंच दक्षिणेवर जायचं, असं ठरलेलं. बायकांनी त्यांच्याआधी तिरडी उचलली. बायका तिरडी उचलत नाहीत, पण उचलली, आणि बनातल्या वाटेवर, जिथं सायकल धरली होती तिथं, आणून ठेवली. दक्षिणेच्या बायका समोरून आल्या. सगळ्या वळ्ळीभोवती बसल्या, वाट गच्च भरली.

बाई तिथं होत्या, पण बाजूला, झाडाखाली. मला वाटलं आता त्या बोलतील. पण बोलली चेल्लम्मा. उभं राहून दोन्हीकडच्या पुरुषांना म्हणाली, "आम्ही हिला पुरू देणार नाही. हिच्यावर माशा बसतील, वास सुटेल, तरी आम्ही उठणार नाही. आधी घराघरातलं सगळं इथं येऊ दे."

पुरुष ओरडले, धावून आले. कुणी कुणाच्या आईला, बहिणीला ओढायला बघितलं. कुणी उठेना. शेवटी बायकांनी पुरुषांची वाटही पाहिली नाही. निम्म्या बसून राहिल्या, निम्म्या घरोघर गेल्या. झावळ्यांतून, मडक्यांतून, पाळण्यांखालून काढून आणायला लागल्या. वळ्ळीची आई तिच्या मुलाचा कोयता घेऊन आली, तो तिनं लुगड्यात गुंडाळला होता. पोलिसांना दिलं तर घरातली माणसं तुरुंगात जातील, म्हणून मुनियम्मानं सगळं एका तराफ्यावर लादलं. बायकांनी समुद्रात जायचं नसतं तिकडे. मुनियम्मा गेली. लाटांपलीकडे जाऊन तिनं एकेक पाण्यात टाकलं. किनाऱ्यावर आम्हाला आवाज ऐकू आला नाही, फक्त तिचा हात वरखाली होताना दिसत होता.

मग वळ्ळीला पुरलं.

त्यानंतर मी तिथं आणखी पाच वर्षं होते. जाळ्यांची भांडणं झाली, डोकी फुटली, पण खून झाला नाही. पंचायत बसली की दोन्हीकडून तीन-तीन बायका चटईवर बसायच्या. चेल्लम्मानं तो हट्ट सोडला नाही.

बाईंची मात्र चौकशी लागली. एक बाळंतीण दगावली, सुईण दोन तास उशिरा पोचली. कामाची वही मागवली, तर चार महिन्यांत खोट्या कळांच्या नोंदी पानोपान. अडवणाऱ्या मुलांपैकी कुणी साक्षीला आलं नाही. बायका आल्या, चाळीसेक जणी गाडीनं आल्या आणि कचेरीच्या आवारात बसून राहिल्या. कुणीच त्यांना आत बोलावलं नाही.

मला बोलावलं. आदल्या दिवशी नवरा म्हणाला होता, "तुला नोकरी ठेवायची आहे ना? जेवढ्यास तेवढं बोल." साहेबांनी विचारलं, या भेटी बनावट होत्या हे तुम्हाला ठाऊक होतं का? बाई समोर बाकावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "नाही. मी नवी होते. मला तमिळ समजत नव्हतं."

बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. त्यांना काढून टाकलं.

बाहेर व्हरांड्यात मी रडायला लागले. त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही. म्हणाल्या, "बरें केलेंस. एकीस तरी तेथें राहिलें पाहिजे." ते वाक्य मी पुष्कळदा स्वतःला म्हणून पाहिलंय. त्यानं व्हायला हवं तेवढं बरं कधी वाटलं नाही. तिथं राहायचं म्हणून मी खोटं बोलले नव्हते, भीतीनं बोलले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

तीन वर्षांनी वळ्ळीच्या आईनं मला विचारलं, "त्या अम्मांकडे मला नेशील का? मला त्यांना एक गोष्ट विचारायची आहे." बाई तेव्हा ट्रिप्लिकेनला पुतण्याकडे होत्या. मी तोवर एकदाच गेले होते. रविवारी सकाळी आम्ही गेलो. वळ्ळीची आई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून आली होती, तरी अंगाला माशांचा वास होताच. पुतण्याची बायको दार अडवून उभी राहिली. मग तिनं आम्हाला परसदारी बसवलं.

बाई भिंत धरून बाहेर आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाजावरून मला ओळखलं, दुसरी कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग खाली बसल्या.

वळ्ळीच्या आईनं आढेवेढे घेतले नाहीत. "अम्मा, शेवटी ती शुद्धीत होती का?"

"होती."

"मला हाक मारली का?"

मी त्या खोलीत होते. मला ठाऊक होतं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मनात म्हणत होते, हो म्हणा बाई, इतक्या वेळा खोटं बोललात, आणखी एकदा बोला.

"नाही," बाई म्हणाल्या. "भावाला हाक मारत होती. अण्णा ये, अण्णा ये, असं. दुसरं काही नाही."

आतून पुतण्याच्या बायकोनं नळ सोडल्याचा आवाज येत होता. मग वळ्ळीच्या आईनं विचारलं, "रागानं?"

"नाही. लहान मूल बोलावतं तसं."

तिनं मान हलवली. बाईंनी हात पुढं करून चाचपला, तिचा हात सापडला, आणि दोघी तशाच बसल्या. थोड्या वेळानं वळ्ळीची आई उठली, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "मी हे त्याला सांगणार आहे. तीन वर्षं तो माझ्यासमोर जेवायला बसत नाही."

बाई म्हणाल्या, "सांग."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. तोंडियारपेट गेलं, तिरुवोट्टियूर गेलं, मिठागरं दिसायला लागली. एन्नोर यायला एक स्टेशन राहिलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नाही सांगत. उद्या पहाटे समुद्रावर जायचंय त्याला."